शार्त्रची काच ओघळत नाही, काका!

काकांनी गावच्या घरातली माजघराची तावदानं काढायला सुतार बोलावला, म्हणून हे लिहावं लागतंय. कारण विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलचा फोटो, आणि खाली: "काच हा घट्ट दिसणारा द्रव आहे. ८०० वर्षांत इथल्या काचा ओघळून खाली जाड, वर पातळ झाल्या. निळ्या रंगाचं रहस्य कारागिरांबरोबरच गेलं. लोखंडाचा तुकडाही न वापरलेली ही इमारत आजही जशीच्या तशी!"

"पणजोबांच्या वेळच्या काचा आपल्या. वरून पातळ होऊन डोक्यावर पडतील एक दिवस," काका म्हणाले.

काचेतल्या अणूंची मांडणी द्रवासारखी विस्कळीत असते, एवढं खरं. पण म्हणून ती वाहते? २०१७ मध्ये अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या जुन्या चर्चमधल्या मध्ययुगीन काचेत जे घटक असायचे, त्याच घटकांची काच घेऊन तिची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, अभ्यासली. निष्कर्ष असा की नेहमीच्या तापमानाला ही काच एक अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर सरकेल. म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! आणि शार्त्रचं वय ८००.

मग जाडी कमी-जास्त का? तेव्हा काच फुंकून करायचे. फुग्याचं नळकांडं करून, उभं चिरून सपाट करायचं, नाहीतर तो गरगर फिरवून ताटासारखा पसरायचा. जाडी सारखी येणार कशी? नवशिक्याच्या पोळीची कड जाड राहते. ती रात्रीतून ओघळली असं कुणी म्हणतं का? शिवाय शार्त्रच्या खिडक्या म्हणजे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले काचेचे लहान लहान तुकडे. काच वाहायची तर शिसं तिच्या कितीतरी आधी वाहायला हवं. जुन्या खिडक्यांना पोट येतं हे मान्य. पण ते दुखणं शिशाचं.

लोखंडाबद्दल काय बोलायचं! त्या खिडक्या तोलल्यात लोखंडी चौकटींवर. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये तर २०१९ च्या आगीनंतर दगड सांधणारे १२व्या शतकातले लोखंडी आकडे सापडले.

"जशीच्या तशी" म्हणावं, तर ११९४ च्या आगीनंतर बांधलेल्या या इमारतीचा उत्तरेकडचा उंच कळस १६व्या शतकातला. १८३६ मध्ये लाकडी छप्पर जळालं आणि त्याजागी ओतीव लोखंडाचा सांगाडा आला. दोन्ही महायुद्धांत काचा उतरवून सुरक्षित जागी नेल्या होत्या. उतरवणाऱ्यांच्या हातात त्या काही वितळल्या नाहीत.

निळा रंग कोबाल्टचा, त्यात रहस्य नाही. अर्धं श्रेय देतो: १२व्या शतकातली ती निळी काच सोडा घालून केलेली, म्हणून नंतरच्या, लाकडाच्या राखेतलं पोटॅश घातलेल्या काचेपेक्षा ऊनपावसात चांगली टिकली. निळ्या वस्त्रातल्या मेरीची प्रसिद्ध खिडकी ११९४ च्या आगीतूनही वाचली.

हे सगळं सांगेपर्यंत सुताराने एक तावदान उतरवलं होतं. कडेवरून बोट फिरवून पाहिलं, तर जाड बाजू वर.

काका म्हणाले, "उलटं बसवलं असेल."