शंभर वर्षं जगण्याचं गुपित म्हणे!

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तेच रील. ‘सार्डिनियातले लोक शंभरी गाठतात, तुम्हीही या पाच गोष्टी खा.’ शेवटी कसल्याशा पावडरची जाहिरात. डोकंच फिरलं.

ज्यांच्या जिवावर विकताय, त्या भागाचं नाव तरी घ्या! ओल्यास्त्रा. इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पूर्वेला, मागे जेन्नार्जेंतूचे १८३४ मीटरपर्यंत चढलेले डोंगर, पुढे समुद्र. जुनी गावं बहुतेक वर, कड्यांना बिलगलेली. खाली मलेरिया होता आणि समुद्रातून चाचे यायचे.

मी तिथल्याच उलासाई गावात राहिले होते. घरमालकीण आजी कुलुर्जोनेस, म्हणजे तिथला भरलेला पास्ता, करत होत्या. बटाटा, चीज, पुदिन्याचं सारण आणि कडेला आपण करंजीला घालतो तशी मुरड. हात चालू ठेवूनच त्यांनी १९८१ सालचं सांगितलं, नात इंग्रजीत समजावत होती. गावाला युद्धस्मारक हवं होतं. गावच्याच चित्रकार मारिया लाई म्हणाल्या, मेलेल्यांसाठी नको, जिवंत माणसांसाठी काहीतरी करू. मग निळ्या कापडाच्या पट्ट्या फाडून सगळ्या गावाने दारं एकमेकांना बांधली आणि शेवटी ती फीत वरच्या डोंगराला नेऊन बांधली. सुमारे २७ किलोमीटर कापड!

आणि ऐका. पिढ्यान् पिढ्यांची वैरं होती, लोक आधी तयारच होईनात. तेव्हा ठरलं, जिथे वैर तिथून फीत नुसती सरळ जाईल. मैत्री असेल तिथे गाठ. प्रेम असेल तिथे गाठीत सणाचा पाव. आजींनी मला गल्लीत नेऊन दारं दाखवली. इथे गाठ होती, इथे पाव होता. एका दारापाशी काही न बोलता पुढे गेल्या.

हे कुठल्या डब्यात भरून विकणार आहात?

हो, संशोधकांनी तिथले शंभरीचे लोक मोजलेत, नकाशावर निळ्या शाईने खुणा केल्या म्हणून ‘ब्लू झोन’ हे नाव पडलं. मान्य. पण आजींना मी विचारलं तेव्हा त्यांनी खाण्याचं नावही काढलं नाही. मुलं कामासाठी बाहेर गेली, गाव रिकामं होतंय, हेच त्या सांगत राहिल्या. त्यांना वय नाही, माणसं हवीत. ते आठवलं की राग जातो आणि नुसतं वाईट वाटतं.

सुट्टी थोडी असते, सगळ्यांना समुद्रच बघायचा असतो, कळतं मला. बघा ना! काला गोलोरित्से या किनाऱ्याचं पाणी खरंच वेड लावतं. बाऊनेई गावाच्या वरच्या पठारावरून पायी उतरावं लागतं, उन्हाळ्यात आधी नोंदणी करा, रोज मोजक्याच लोकांना सोडतात. पण तेवढं बघून परतू नका. मे किंवा सप्टेंबरात जा, गाडी घ्या, मुक्काम वरच्या गावात करा. उलासाईच्या जुन्या रेल्वे स्टेशनात मारिया लाईंच्या कामाचं संग्रहालय आहे, तिथे निवांत वेळ द्या. जेवण गावातल्याच कुणाच्या घरी मिळालं तर सोडू नका. कुणाला खरंच जायचं असेल तर मला मेसेज करा, रस्ता सांगते.