ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे जातात

लातूर-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "ओटीपी कुणाला सांगू नका, मग क्रेडिट कार्डाला धोका नाही. एटीएमवर कुणी धमकावलं तर पिन उलटा टाका, पोलीस येतात. पैसे गेलेच तर बँकेचे जातात, भांडत बसू नका." ओटीपी सांगू नये एवढंच यातलं खरं. बाकीच्यावर विश्वास ठेवाल तर फसाल.

ओटीपी न सांगताही चोरीला जातो. लग्नसराईत पत्रिकेच्या नावाने, एरवी आरटीओ चलनाच्या नावाने एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल येते. ओळखीच्या पाव्हण्याच्या नंबरवरून आली म्हणून आपण उघडतो. त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. एसएमएस वाचायची परवानगी दिली, की पुढचा प्रत्येक ओटीपी त्यांना दिसतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. शिवाय बऱ्याच परदेशी वेबसाइटवर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर खरेदी होते. दुकानातल्या मशीनवर कार्ड नुसतं टॅप केलं तर 5,000 रुपयांपर्यंत पिनही लागत नाही. बँकेच्या ॲपमध्ये हे दोन्ही व्यवहार बंद करता येतात. जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच तसा आदेश काढला. वापर नसताना परदेशी व्यवहार चालू कशाला ठेवायचे?

उलट्या पिनने पोलीस येत नाहीत. मशीनला तो फक्त चुकीचा पिन.

पैसे बँकेचे, पण बिल आपल्या नावावर. ते थकलं की व्याज चढतं, सिबिल बिघडतं आणि ट्रॅक्टरचं कर्ज अडतं.

"भांडू नका" हा सल्ला तर सगळ्यात घातक. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक सांगतं: चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराचा मेसेज आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला एक रुपयाही भरावा लागत नाही. 4 ते 7 कामकाजाचे दिवस लागले, तर 5 लाखांपर्यंत लिमिटच्या कार्डावर जास्तीत जास्त 10,000 रुपये. ग्राहकाची चूक सिद्ध करायची ती बँकेने. स्वतः ओटीपी देऊन बसला असाल, तरीही कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून घरचे बोलतील या भीतीने गप्प राहू नका. आधी बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे ठगांचेही नंबर असतात. कार्डाच्या मागे छापलेलाच लावा. सोमवारी शाखेत जाऊ म्हणून थांबू नका, कार्ड ब्लॉक करायची लाइन रात्रीही चालू असते.