व्हर्च्युअल मशीनमुळे वेग खरंच निम्मा होतो का?

"घरच्या लिनक्सवर व्हर्च्युअल मशीनच्या नादी लागू नका. वेग निम्मा होतो, 32 जीबी रॅम लागते, डिस्क भरून जाते. त्यापेक्षा ड्युअल बूट करा." हा सल्ला सगळीकडे फिरतोय. (व्हर्च्युअल मशीन म्हणजे चालू सिस्टीमच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर; ड्युअल बूट म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम टाकून सुरू करताना एक निवडणं.) तो वाचून शिकायला निघालेली माणसं सुरुवातीलाच माघार घेतात, म्हणून हे लिहितोय.

आधी वेगाचं बघू. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीने व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट प्रोसेसरमध्येच दिली आणि 2007 मध्ये 2.6.20 कर्नलबरोबर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ही सोय वापरणारं केव्हीएम लिनक्समध्ये आलं. तेव्हापासून आतल्या सिस्टीमचं बहुतेक काम खऱ्या प्रोसेसरवरच चालतं. तरीही मशीन रखडत असेल तर 'डेव्ह' (/dev) फोल्डरमध्ये 'केव्हीएम' (kvm) आहे का, ते बघा. नसेल तर बहुधा बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची ही सोय बंद आहे. अशा वेळी क्यूएमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) एकेक सूचना सॉफ्टवेअरने वठवत बसतो, आणि मग निम्मा कसला, वेग त्याहूनही खाली जातो.

दुसरी गोम डिस्कची. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकताना व्हर्टआयओ डिस्क (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेला वेगवान प्रकार) निवडली की इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही, कारण त्याच्याकडे ड्रायव्हर नसतो. माणसं वैतागून साटा (नेहमीच्या डिस्कची नक्कल) निवडतात आणि पुढे संथपणाला नावं ठेवतात. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाइल) दुसरी सीडी म्हणून जोडा, 'लोड ड्रायव्हर' दाबा, डिस्क समोर येते. एवढी खटपट एकदाच करायची, पण फरक रोज जाणवतो.

32 जीबी रॅमची अट कुठून आली, कळत नाही. 8 जीबीच्या कॉम्प्युटरवर आतल्या हलक्या लिनक्सला 2 जीबी दिली तरी काम छान होतं. विंडोज 11 ला मात्र किमान 4 जीबी हवी, तेव्हा तिथे ओढाताण होणार हे खरं.

डिस्कचं म्हणाल, तर व्हर्च्युअल मशीनची डिस्क ज्या फाइलीत असते ती क्यूकाऊ2 फाइल 60 जीबीची नेमली तरी सुरुवातीला थोडीच जागा घेते आणि वापराप्रमाणे वाढते. आतल्या फाइली पुसल्या म्हणून ती आपोआप आकसत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि ड्युअल बूट? त्यासाठी बहुधा चालू डिस्कच्या पार्टिशनला (डिस्कच्या विभागणीला) हात लावावा लागतो. शिकाऊ माणसाचा डेटा तिथेच जातो. व्हर्च्युअल मशीनमध्ये आधी स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घेतला असेल तर बिघडलेली सिस्टीम जागच्या जागी पूर्ववत होते. जड थ्रीडी गेम खेळायचे असतील तर मात्र ड्युअल बूटच बरं. ग्राफिक्स कार्ड आत देता येतं, पण त्यासाठी आयओएमएमयू (कार्ड थेट आतल्या सिस्टीमला देऊ देणारी हार्डवेअरची सोय) लागतं आणि बहुतेकदा दुसरं कार्डही.