आठशेचा गिअरबॉक्स, पण पाचवाला

मारुती आठशे १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत देशात पंचवीस लाखांवर गाड्या खपल्या. तेव्हा हिचा जुना गिअरबॉक्स शोधायचा म्हणजे त्यात शोधायचं काय, असं कुणालाही वाटेल. अख्ख्या कोल्हापूरला तसंच वाटतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

कारण आमची आठशे २००१ ची, पाच गिअरची. हा प्रकार २००० च्या सुमाराला बारा व्हॉल्व्हचं इंजिन घेऊन आला आणि थोडी वर्षं चालून बंद झाला. आधीच्या, बरोबरच्या आणि नंतरच्या बाकी सगळ्या आठशे चार गिअरच्या. बाहेरून फरक चटकन दिसत नाही. तो कळतो गिअरच्या मुठीवरचा आकडा वाचून, आणि तो आकडा आमच्या गाडीत केव्हाच झिजून गेला होता.

सुरुवात घरघरीने झाली. न्यूट्रलला आवाज यायचा, क्लच दाबला की गप्प. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी बॉनेट न उघडताच निदान केलं. ‘‘इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबला की शाफ्ट थांबतोय, म्हणून आवाज थांबतोय. आवाज नको म्हणून सारखा क्लच दाबून हिंडू नका म्हंजे झालं.’’ वय झालं होतं, दुसरं काय. मग एका सकाळी दुसरा गिअर पडेना, पडला तो निघेना, आणि गाडीखाली तेलाचं थारोळं. गिअरबॉक्स उतरवला तर केसिंगला तडा. बेअरिंग नवं बसवता येतं, गिअर अलगद पाडणाऱ्या सिंक्रोच्या रिंगा मिळतात, पण घरच फुटल्यावर आतल्या मंडळींना राहायला कुठे पाठवणार? ‘‘जुना बगा एकांदा,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘आठशेचा काय, ढिगानं पडल्यात.’’

कोल्हापुरात तुम्ही कुणाला काही विचारा, ‘नाही’ म्हणायची इथे पद्धत नाही. ते दुष्टपणाचं मानतात. कावळा नाक्यावरच्या चहावाल्याला नुसतं बोलून दाखवलं, तर त्याच्या ओळखीत तीन गिअरबॉक्स निघाले. घरासमोरच्या इस्त्रीवाल्याकडे एक होता. साडूंनी तर फोनवर माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. ‘‘हाय की! या घ्यायला.’’ गेलो. गोठ्यात, पेंडीच्या पोत्यामागे, ओम्नीचा गिअरबॉक्स. आता ओम्नी आणि जुन्या आठशेचं इंजिन एकाच घराण्यातलं, ७९६ सीसीचं, हे खरं. पण ओम्नीत ते पुढच्या सीटखाली बसतं आणि ताकद प्रोपेलर शाफ्टने मागच्या चाकांना जाते. आठशेत ते नाकात आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतं. हे मी साडूंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘थोडं तासून बसंल की.’’

भंगारवाल्यांकडची तऱ्हा आणखी निराळी. तिथे आठशेचे बॉक्स खरोखरच ढिगाने होते, सगळे चारवाले. पाचवाला लांबून ओळखू येतो, कारण पाचव्या गिअरचं बिऱ्हाड टोकाला वेगळ्या झाकणात असतं. मी ढिगाभोवती ते झाकण शोधत फिरत होतो. मालक म्हणाला, ‘‘पाचवा कशाला पायजे तुमास्नी? कोल्हापुरात पाचवा टाकतंय कोण?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंगावेशीच्या गर्दीत तिसरासुद्धा चैनीचा.

या धंद्यातली एक गंमत तेव्हा कळली. आरसी बुकात इंजिनाचा नंबर असतो, चासीचा असतो; गिअरबॉक्सचा नसतो. सरकारदरबारी तो अवयवच नाही. म्हणजे कुठला बॉक्स कुठल्या गाडीतून आला हे फक्त विकणाराच सांगू शकतो, आणि विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे जगातले सगळे जुने गिअरबॉक्स डॉक्टरांच्या गाडीतले असतात. ‘‘डॉक्टरची गाडी हुती, घर ते दवाखाना.’’ इतक्या डॉक्टरांनी इतक्या गाड्या मोडीत काढल्या असतील तर आपले पेशंट तपासायचे कुणी?

असाच एक डॉक्टरी बॉक्स जवळजवळ घेतलाच होता. पाचवाला, झाकणासकट, वरून रॉकेलने पुसून लख्ख. मिस्त्री म्हणाले, आधी खालचा प्लग खोला. प्लगच्या चुंबकाला बारीक काळी पेस्ट असली तर चालतं, ती सगळ्यांनाच असते. सोनेरी चमकी दिसली तर सिंक्रोचं पितळ झिजलंय. दाताचा तुकडा आला तर हात जोडून निघायचं. प्लग खोलला आणि आतून चक्क पांढरा रस्सा आला. गिअर ऑइलमध्ये पाणी मिसळून फिरलं की असं दुधाळ होतं. मिस्त्रींनी बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. ‘‘एकोणीसचा का एकवीसचा?’’ त्यांनी विचारलं. मालकाने जरा विचार करून ‘‘एकोणीसचा’’ म्हणून सांगितलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता तेव्हा किती गाड्या पंचगंगेच्या पाण्यात बसून होत्या, ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. डॉक्टरांचा विषय कुणीच पुन्हा काढला नाही.

मग माझ्या एका वर्गमित्राने ठरवलं की शोधायचंच कशाला. त्याची शिरोलीला फौंड्री आहे. ‘‘केसिंगच फुटलंय न्हवं? ओतून देतो की.’’ कोल्हापूरच्या माणसाला ओतता येणार नाही अशी वस्तू पृथ्वीवर नाही, आणि या आत्मविश्वासाला आधारही आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा परदेशातून आणायची वाट न बघता इथेच तयार केला. हा दाखला मित्रानेही दिला. तो देणार हे मला माहीतच होतं. मग धंद्याचं बोलणं सुरू झालं.

‘‘किती नग?’’

‘‘एक.’’

‘‘एकाचं पॅटर्न करून परवडतंय व्हय? पाचशे तरी घे.’’

‘‘आणि हे अॅल्युमिनियमचं आहे.’’

‘‘आमी बीड ओततोय. बिडाचं करू. जल्मात फुटायचं न्हाई.’’

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, केसिंगने आठशेचं नाक जमिनीला लागलं असतं. उरलेल्या चारशे नव्याण्णव नगांचं काय करायचं, हे त्याने माझ्यावर सोडलं.

शेवटी मिस्त्रींनी नियम घालून दिला. ‘‘मागनं ठोकलेली गाडी बगा. म्होरचं सगळं शाबूत असतंय.’’ शास्त्र बिनचूक होतं, पण त्याने माझी नजर बिघडली. रस्त्यात डिकी चेपलेली आठशे दिसली की मला उमाळा यायचा. पार्किंगमधल्या अनोळखी गाड्यांच्या काचेला नाक लावून मी मुठीवरचे आकडे वाचू लागलो. शाहूपुरीत एका वॉचमनने हटकलं, त्याला मी खरं कारण सांगितलं, आणि त्याच्याही मेव्हण्याकडे एक गिअरबॉक्स निघाला. रंकाळ्यावर एक आजोबा आपली पाचवाली आठशे अगदी सावकाश चालवत असतात. मी दोन-तीनदा त्यांच्या मागोमाग रेंगाळलो. मागून कुणी येत नाही ना, असं मी का बघत होतो, ते विचारू नका.

खबर आली ती निपाणीहून. गाडी मागून ठोकलेली, मालक तंबाखूचा व्यापारी. डॉक्टर नाही हे ऐकूनच माझा विश्वास बसला. मिस्त्रींनी सांगितलं, आपली क्लच प्लेट बरोबर घेऊन चला. बाकी सगळं सारखं दिसलं तरी तिच्या मधल्या खाचा इनपुट शाफ्टवर अलगद सरकल्या पाहिजेत. आमची गाडी गॅरेजात घोड्यावर चढवलेली, म्हणून एसटीने निघालो. कापडी पिशवीतून प्लेटची कड बाहेर आलेली. शेजारच्या पाव्हण्यांनी कागलपर्यंत दम धरला. मग म्हणाले, ‘‘एष्टीनं निगालाय, आणि क्लच प्लेट घरनं आणलीय?’’

निपाणीत मिस्त्री त्या बॉक्सपुढे उकिडवे बसले. प्लेट सरकवून पाहिली. शाफ्ट वरखाली हलवून खेळ पाहिला. एकेक गिअर टाकून हाताने फेरे मोजले, स्टार्टरची जागा पाहिली, माउंटिंगची भोकं टेपने मापली, आणि मीटरची केबल जिथे बसते तिथे बॅटरी मारली, कारण नंतरच्या काही गाड्यांत तिथे केबलऐवजी सेन्सर असतो आणि मग काटा जन्मभर शून्यावर. एवढं सगळं जुळल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. मी हबकलो. तो भाव पाडण्याचा भाग होता, हे मला टेम्पोत कळलं.

गिअरबॉक्स बसला. नवी ऑइल सीलं, नवी क्लच प्लेट, नवीन तेल. दुसरा गिअर आता एका बोटाने पडतो. हिशेबाचा कागद बायकोला दाखवलेला नाही.

आमचा फुटका बॉक्स मात्र मिस्त्रींनी टाकू दिला नाही. आठवडाभरात गडहिंग्लजहून एक जण आला. त्याची पण २००१ ची, आणि त्याला आतले गिअर हवे होते. त्याने प्लग खोलला, तेल अंगठ्यावर चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

‘‘पुरातला न्हाई नव्हं?’’

‘‘अजिबात नाही.’’

‘‘मंग डॉक्टरची गाडी काय?’’

‘‘छे हो,’’ मी म्हणालो. ‘‘आमच्या घरातली चौघं जण हिच्यावर गाडी शिकली.’’

तो उठून उभा राहिला, मिस्त्रींकडे वळला आणि समाधानाने म्हणाला, ‘‘बांधा. पाचवा नवाच असणार. शिकणारं पोरगं पाचवा टाकतंय कवा?’’