गुंडानं कुठल्या भाषेत बोलायचं?

बेळगावकडच्या माणसांत सध्या एक वाद रंगलाय आणि तो इथं लंडनपर्यंत रोज येऊन पोचतो. एका गल्लीत वाढलेले दोन दोस्त, एक मराठी घरातला, एक कन्नड. दोघं हळूहळू गुन्हेगारीत ओढले जातात. अशी रोखठोक मालिका कुणी बेळगावात घडवली, तर त्यातला गुंड कुठला दाखवायचा? मराठी दाखवला तर आपली बदनामी. कन्नड दाखवला तर दंगा. तिसरा पक्ष सगळ्यात मोठ्यानं बोलतो: असलं काही काढूच नका, पोरं बघून बिघडतात.

मला तिन्ही पक्षांचा राग येतो. सगळे पोराच्या तोंडाबद्दल बोलतात, कुणी त्याच्या खिशाबद्दल बोलत नाही.

मटक्याचा आकडा कसा लागतो हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी लिहितो, कारण पुढचं सगळं त्या हिशेबावर उभं आहे. तीन पत्ते, त्यांची बेरीज, बेरजेतला शेवटचा आकडा. ५, ३ आणि ६ आले तर बेरीज १४, म्हणजे ओपन, पहिला आकडा, ४. क्लोज, म्हणजे नंतरचा आकडाही तसाच काढायचा. दोन्ही मिळून जोडी. सिंगलला, म्हणजे एकट्या आकड्याला, रुपयाला ९, जोडीला रुपयाला ९०. दहांतला एक आकडा लागतो आणि पैसे मात्र नऊपटच मिळतात, म्हणजे दर दहा रुपयांतला एक रुपया खेळ सुरू व्हायच्या आधीच खाईवालाचा, म्हणजे मटका चालवणाऱ्याचा, झालेला असतो.

पोरगं यात खेळायला येत नाही, चिठ्ठ्या लिहायला येतं. पानपट्टीच्या मागं उभं राहायचं, आकडे उतरवून घ्यायचे, पैसे गोळा करायचे, ओपनच्या आधी वर पोचवायचे. जमलेल्या रकमेवर थोडं कमिशन. गणितात हुशार पोराला हे झटकन जमतं आणि महिन्याभरात त्याच्या ध्यानात येतं की जोडी शंभरात एकदाच लागते. मग एखादी चिठ्ठी तो वर पाठवतच नाही. पैसे खिशात घालतो. म्हणजे खाईवालाचं काम तो स्वतःच करायला लागतो, फक्त भांडवल नसताना. ९९ वेळा पचतं. शंभराव्या वेळी कुणाची तरी २०० रुपयांची जोडी लागते आणि त्याला १८,००० द्यायचे असतात.

त्या संध्याकाळी खाईवाल त्याला मारत नाही. तो लागलेल्या माणसाचे पैसे स्वतः चुकते करतो आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘असू दे की, सावकाश फेड.’ मालिका काढणाऱ्यानं पहिल्या भागात पिस्तूल दाखवू नये, हे वाक्य दाखवावं. यानंतर पोरगं घरात खरं बोलू शकत नाही, शाळेत लक्ष लागत नाही आणि ज्याचं देणं आहे तो सांगेल त्याला नाही म्हणता येत नाही.

इथल्या इस्टेटवर, म्हणजे कौन्सिलच्या घरांच्या वसाहतीत, हेच दुसऱ्या मालावर, अमली पदार्थांवर चालतं. चिकन शॉपमध्ये फुकटचा बॉक्स, मग नवे ट्रेनर्स, मग एका रात्रीपुरती एक बॅग ठेवून घ्यायची, मग समुद्रकाठच्या एखाद्या गावाची ट्रेन. पोरगं पीआरयूमध्ये, म्हणजे शाळेतून काढलेल्या पोरांच्या केंद्रात, गेलेलं असलं तर आणखी सोपं, दिवसभर त्याला शोधणारं कुणी नसतं. त्या गावात पोचल्यावर त्याला कुणीतरी लुटतं. माल गेला, पैसे गेले. लुटणारे बऱ्याचदा पाठवणाऱ्यांचेच असतात, पण कर्ज पोराच्या नावावर चढतं. बेळगावात पोरगं स्वतःच्या हुशारीनं खड्ड्यात पडतं आणि इथं खड्डा खणून ठेवलेला असतो, एवढाच फरक.

पण इथं १५ वर्षांचं पोरगं परक्या गावात माल घेऊन सापडलं, तर पोलिस किंवा कौन्सिल निदान विचारतात की याला पाठवलं कुणी. २०१५चा मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट आहे, नाव एनआरएमकडं, म्हणजे गुलामीत अडकलेल्यांना ओळखायच्या सरकारी यंत्रणेकडं जातं, जबरदस्तीनं केलेल्या गुन्ह्याला कायद्यात बचाव आहे. सगळ्यांना तो मिळतो असं नाही. तरी प्रश्न विचारायची सवय लागली आहे. आपल्याकडचा बाल न्याय कायदाही २०१५चाच. त्याच्या ८३व्या कलमात, बेकायदा कामाला मुलं वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड लिहिलेला आहे. गुंड मराठी की कन्नड यावर इतकं बोलणं झालं, त्यात या कलमाचं नाव मला एकदाही दिसलं नाही.

दोस्त यात कसा येतो? गाडीमुळं. गोव्यात दारूवरचा कर कमी, कर्नाटकात जास्त, आणि मधे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट. देणं फेडायला पोराला सांगितलं जातं की माल दुसरा कुणी आणेल, तू फक्त पुढं राहायचं, नाक्यावर तपासणी आहे का ते फोनवर कळवायचं. त्याच्याकडं गाडी नसते. दोस्ताकडं असते, तीही दोस्ताच्या बापाच्या नावावर. बाप वडगावात मागावर बसणारा विणकर. दोस्त म्हणतो, एकट्याला कशाला सोडू, मी पण येतो की. पुढच्या गाडीवर एक बाटलीही नसते, म्हणून दोघांनाही मनापासून वाटतं की आपण काही केलेलं नाही. मागची गाडी सापडते, तिथल्या फोनमध्ये यांचा नंबर असतो. मोटारसायकल कर्नाटक अबकारी कायद्याखाली जप्त होते आणि आरोपींच्या यादीत दोघांचीही नावं येतात. समान उद्देशाचं दंड संहितेतलं जुनं ३४ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३(५) झालंय, आशय तोच आहे. मैत्री म्हणून बरोबर जाणं आणि कटात सामील असणं यांतली रेघ फार बारीक असते. इथल्या सुप्रीम कोर्टालाही २०१६मध्ये जोगी खटल्यात मान्य करावं लागलं, की साथीदाराच्या जबाबदारीचा कायदा तीस वर्षं चुकीच्या वळणावर गेला होता.

पुढचा उतार भराभर असतो. आणखी एकदोन प्रकरणं, एखादी मारामारी, आणि रावडी शीट, म्हणजे पोलिसांकडची गुंड म्हणून नोंद, उघडते. मग गणपती आले, निवडणूक आली, १ नोव्हेंबर, म्हणजे कन्नड राज्योत्सव आणि मराठी काळा दिवस, आला की ठाण्यावर हजेरी. उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरीला गेलं की पोलिसांचा दाखला मागतात. फारच झालं तर गडीपार. हा शब्द मराठीत तडीपार असा आहे, पण आपण गडीपारच म्हणतो, आणि मालिकेतही तेच म्हटलं पाहिजे.

पोरं बघून बिघडतात म्हणणाऱ्यांनी इथली एक गोष्ट ऐकावी. नोव्हेंबर २०१९मध्ये ‘ब्लू स्टोरी’ हा सिनेमा आला. लंडनमधल्याच डेप्टफर्डचा एक पोरगा पेकमच्या शाळेत जातो, तिथला एक त्याचा जिवलग दोस्त होतो, आणि दोन भागांच्या वैरात दोघं एकमेकांसमोर उभे राहतात. प्रदर्शनानंतर दुसऱ्याच दिवशी बर्मिंगहॅमच्या एका सिनेमा संकुलात पोरांची मारामारी झाली. पडद्यावर नाही, बाहेर. तरी एका मोठ्या साखळीनं सिनेमा आपल्या सगळ्या थिएटरांतून काढून टाकला. लोकांनी विचारलं की मारामारीचा सिनेमाशी संबंध काय, आणि काही दिवसांत सिनेमा परत लावावा लागला. त्यात दोस्तांना तोडतो तो एक पोस्टकोड, म्हणजे पत्त्यातला पिनकोड. आपल्याला तर हे समजायला अवघड जायला नको. शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडं होतं तेव्हापासून आपल्याकडं रेघा आहेत, त्यावर १९५६च्या राज्य पुनर्रचनेची मोठी रेघ आली, आणि तरीही पोरं एकाच नळावर पाणी पिऊन मोठी झाली.

म्हणून भाषेचं उत्तर मला सोपं वाटतं. बेळगावचं पोरगं पैसे मराठीत मोजतं, पोलिसाशी कन्नडमध्ये बोलतं आणि गॅरेजवाल्याशी दखनीत भांडतं. ‘काय करायलास?’ म्हणून सुरुवात करतं आणि ‘हौदू’, कन्नडमधलं ‘होय’, म्हणून संपवतं. पुण्याची शुद्ध मराठी बोलणारा बेळगावचा गुंड दाखवला, तर ती खरी बदनामी होईल. बंगळुरूची कन्नड बोलणारा दाखवला तरी तेच.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण ते लपवून हा वाद घालणं बरोबर नाही. डेप्टफर्डच्या पोरांची गोष्ट मी समाजाचा अभ्यास म्हणून बघतो. बेळगावचं नाव आलं की माझ्या मनात पहिला विचार येतो, इथले लोक काय म्हणतील. म्हणजे बदनामीवाल्या पक्षाला शिव्या देताना मी त्यांच्यातच बसलेला असतो. आणि अशा कथेला दोन दोस्तांची कथा म्हणतात खरं, पण गल्लीत एक तिसराही असतो, ज्याचा पासपोर्ट वेळेत निघाला. तो मुळातच चांगल्या वळणाचा होता असं त्याच्या घरचे सांगतात, आणि त्यालाही परदेशात ते खरं वाटायला लागतं. त्याच्या नावावर कुणी १८,००० चढवले नव्हते, एवढंच. माझं बेळगावबद्दलचं सगळं प्रेम आणि सगळं शहाणपण त्या तिसऱ्याचं आहे.

भाषेचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो गुंडाच्या तोंडी नाही, कागदावर आहे. आरोपपत्र कन्नडमध्ये असतं. मराठी शाळेत चार यत्ता शिकलेल्या आईला त्यातलं आपल्या लेकाचं नावसुद्धा ओळखता येत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात तिच्या शेजारी दुसऱ्या आरोपीची आई बसलेली असते, जिच्या नवऱ्याची गाडी जप्त झालीय, जिनं आठवडाभर हिच्याशी बोलणं टाकलंय. कुणी मालिका काढणार असेल तर हा प्रसंग त्यात घालावा. कागद या बाईच्या हातात थरथरतो. ती दुसरी थोडा वेळ बघत बसते, मग तो ओढून घेते, ओळीवर बोट ठेवत कन्नड वाचत जाते आणि मधेच थांबून मराठीत सांगते, ‘हितं तुझ्या पोराचं नाव हाय. त्याच्या खाली माझ्या.’