पहिल्या भेटीचे चित्र आणि जॉन साकेउस

युरोपीय आणि इनुइट (उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशातले मूळ रहिवासी) यांच्या सुरुवातीच्या भेटींविषयी वाचताना कप्तानांची नावे लक्षात राहतात. ज्याच्यामुळे दोन्ही बाजूंना एकमेकांचे बोलणे कळले तो दुभाषा मात्र एखाद्या ओळीत आटोपला जातो. हा अन्याय आहे असे माझे ठाम मत आहे, आणि जॉन साकेउसच्या बाबतीत तो मला सर्वांत जास्त खुपतो.

साकेउस पश्चिम ग्रीनलंडचा इनुइट. देवमाशांच्या शिकारीला गेलेल्या एका जहाजातून तो १८१६ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ बंदरात आला आणि एडिंबरामध्ये अलेक्झांडर नॅस्मिथ या नामवंत चित्रकाराकडे चित्रकला शिकला. १८१८ मध्ये ब्रिटिश नौदलाने कप्तान जॉन रॉस यांना वायव्य सागरी मार्गाच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडून अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जाणाऱ्या वाटेच्या, शोधासाठी दोन जहाजे देऊन पाठवले, तेव्हा दुभाषा म्हणून तो बरोबर होता. ऑगस्टमध्ये ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्याजवळ बर्फावर काही माणसे दिसली. हे इनुघुइट, म्हणजे त्या भागातले इनुइट लोक, ज्यांचा बाहेरच्या जगाशी दीर्घकाळ संबंध आलेला नव्हता. त्यांच्याकडे एकटा साकेउस चालत गेला. त्यांची बोली त्याच्या बोलीहून बरीच वेगळी होती, तरीही ऐकत, ताडत त्याने संवाद जुळवला.

ही जहाजे सूर्याकडून आली की चंद्राकडून, असे त्या लोकांनी विचारल्याची नोंद रॉस यांनी केली आहे. शिडे म्हणजे पंख आणि जहाजे म्हणजे जिवंत प्राणी, अशी त्यांची समजूत होती. हा प्रसंग पुष्कळदा भाबडेपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो, आणि ते मला मुळीच पटत नाही. जिथे झाडे उगवत नाहीत आणि घसरगाड्यासुद्धा हाडांच्या जोडून कराव्या लागतात, तिथे एवढे लाकूड एका ठिकाणी असू शकते ही कल्पनाच अशक्य होती. याच लोकांकडे लोखंडी पात्यांच्या सुऱ्या होत्या. ते लोखंड त्यांनी अशनींपासून, म्हणजे आकाशातून पडलेल्या उल्कांच्या दगडांपासून, ठोकून काढलेले होते, आणि पुढे इंग्लंडमधल्या तपासणीत त्यात अशा लोखंडाची खूण असलेले निकेल सापडले. त्या अशनींतली सर्वांत मोठी अमेरिकन शोधक रॉबर्ट पिअरी यांनी १८९७ मध्ये न्यूयॉर्कला नेली.

या भेटीचे साकेउसने काढलेले चित्र रॉस यांच्या १८१९ च्या प्रवासवृत्तात छापले गेले. त्याचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इंग्लिश दर्यावर्दी मार्टिन फ्रोबिशर यांनी १५७७ मध्ये आजच्या कॅनडातल्या बॅफिन बेटावरून एक पुरुष, एक स्त्री आणि एक तान्हे मूल पकडून ब्रिस्टलला नेले. थोड्याच काळात तिघेही दगावले. चित्रकार जॉन व्हाइट यांनी काढलेली त्यांची जलरंगचित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि ती निश्चितच जिव्हाळ्याने काढलेली आहेत: आईच्या टोपडीतून डोकावणारा बाळाचा चेहरा पाहिला की ते जाणवते. पण तिथे चितारलेल्या माणसांना उलट चितारण्याची संधी कधीच मिळाली नाही. साकेउसच्या चित्रात बर्फावर तिकोनी टोप्या आणि लांब कोट घालून उभे असलेले नौदल अधिकारी आहेत, आणि त्यांच्याइतक्याच बारकाईने रेखाटलेले, हातातला आरसा कुतूहलाने न्याहाळणारे इनुघुइट आहेत. एका इनुइट माणसाच्या नजरेतून दोघेही एका चौकटीत आले आहेत.

पुढच्या मोहिमेसाठी नौदलाला साकेउस हवा होता. पण फेब्रुवारी १८१९ मध्ये एडिंबरामध्ये आजारपणाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो तरुणच होता. रॉस यांची मोहीम आज ओळखली जाते ती त्या मार्गाचे तोंड असलेल्या लँकेस्टर साउंड या सामुद्रधुनीतून परत फिरण्याच्या चुकीसाठी, कारण त्यांना समोर नसलेले डोंगर दिसले. माझ्या मते त्या मोहिमेचे खरे यश बर्फावरचा तो संवाद हेच होते, आणि त्याचे श्रेय कप्तानाच्या आधी साकेउसच्या नावावर लिहिले गेले पाहिजे.