लॅपटॉप हँग झाला? बघत काय बसलात, काहीतरी करा!

उबुंटू लिनक्सवर एनव्हिडिया कार्डाचा ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केलात, लॅपटॉप रीस्टार्ट केलात, लॉगिनचा पडदा आला आणि माउसचा बाण जागच्या जागी थिजला. अभिनंदन! दहा मिनिटांचं काम दोन दिवस पुरवण्याची संधी चालून आली आहे. फक्त शांत डोक्याने विचार करू नका.

आधी पॉवर बटण दाबून धरा. कंट्रोल-आल्ट-एफ3 दाबून काळं टर्मिनल (नुसत्या मजकुराचा पडदा) उघडतंय का ते बघू नका. उघडलं तर खालची सिस्टिम जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय, हे कळेल आणि निम्मी गंमत तिथेच संपेल. कोणी आल्ट आणि सिसआरक्यू (प्रिंट स्क्रीनवाली कळ) धरून एकेक करत आर-ई-आय-एस-यू-बी दाबायला सांगेल. अडकलेल्या सिस्टिमला थेट हुकूम सोडायची ही सोय उबुंटूत मुळात 176 या आकड्यापुरती असते, म्हणजे 128, 32 आणि 16 या तीन परवानग्यांची बेरीज: रीबूट, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडणं आणि उरलेला डेटा डिस्कवर उतरवणं. पहिली तीन अक्षरं तिथे नुसता बोटांचा व्यायाम. शेवटची तीन मात्र फाइल वाचवतात, म्हणून तीही नकोत.

लॉग, म्हणजे सिस्टिमची रोजनिशी, तर अजिबात वाचू नका. 'जर्नलसीटीएल -बी -1' लिहिलं की मागच्या बूटचा पंचनामा समोर येतो. त्यात 'एनव्हीआरएम: एक्सआयडी' ही एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची तक्रार आणि पुढे 79 दिसलं, तर कार्डाचा बसशी (त्याला लॅपटॉपशी जोडणाऱ्या मार्गाशी) संपर्कच तुटलाय. मग दोष वीजपुरवठ्यात, तापमानात किंवा खुद्द कार्डातही असू शकतो, आणि ड्रायव्हरला शिव्या घालायचं सुख जातं. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' दिसलं, तर सिक्युअर बूट या पहारेकऱ्याने ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, जाणारा भाग) दारातच अडवलंय. रीस्टार्टनंतर त्या सहीची किल्ली नोंदवायला तो निळा पडदा आला होता ना? तोच, तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हा थोडा वेळ थांबून निघून गेलेला.

मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बांधलंय ते दाखवणाऱ्या 'डीकेएमएस स्टेटस'लाही हात लावू नका. अपडेटसोबत नवा कर्नल आला, पण त्याचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल) आले नाहीत, म्हणून मॉड्यूल बांधलंच गेलं नाही, असल्या नीरस कारणांचा सुगावा तिथे एका ओळीत लागतो.

सुरू होताना एस्केप दाबला की ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू येतो, आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये कालपर्यंत नीट चालणारा कर्नल निमूट बसलेला असतो. हा मोह फार वाईट. जागा वाचवायच्या नावाखाली जुने कर्नल आधीच हाताने उडवून ठेवा, म्हणजे परतीची वाटच उरणार नाही. मेनूत 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीत 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला ठेवून साध्या चित्रावर भागवायचा हुकूम) जोडलं, तर ते त्या एका बूटपुरतंच टिकतं. इतक्या थोडक्यात समाधान कसलं? ग्रबच्या फाइलमध्ये ते कायमचं लिहा आणि मग व्हिडिओ इतका अडखळतो कसा, यावर वेगळं संशोधन करा.

आता कळस. पॅकेजमधून बसवलेला ड्रायव्हर न काढता, एनव्हिडियाच्या साइटवरची 'डॉट रन' फाइल (स्वतःच ड्रायव्हर बसवणारी) त्याच्याच उरावर चढवा. दोघांच्या फाइल एकमेकांवर पडतात, पॅकेजं सांभाळणाऱ्या एपीटीला पत्ता नसतो, आणि कार्डाची खबर देणारा 'एनव्हिडिया-एसएमआय' सांगतो की ड्रायव्हर आणि लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही. एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठे गेलं, याचा तारीखवार हिशेब असतो. तो पाहून जुनी आवृत्ती परत बसवायची आणि 'एपीटी-मार्क होल्ड'ने रोखून धरायची, हे भित्र्यांचं काम.

एवढं करूनही लॅपटॉप चुकून सुरू झालाच, तर सगळं पुसून डिस्ट्रो, म्हणजे अख्खं उबुंटूच, नव्याने टाका. होम (तुमच्या फाइलींचं फोल्डर) डिस्कच्या वेगळ्या पार्टिशनवर नसेल तर उत्तमच. आणि हो, इन्स्टॉल करताना 'थर्ड-पार्टी ड्रायव्हर'च्या चौकटीत टिक करायला विसरू नका: तोच ड्रायव्हर, तीच आवृत्ती, आपोआप बसेल.